पॅरलल पोर्ट आणि प्रिंटर: वायरींवर नक्की काय चालतं, नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

नाशकात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून बंद झालेला नाही. आडगाव नाक्याकडे ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिल्ट्या, पंचवटीच्या मार्केट यार्डात आणि तिकडे लासलगाव-पिंपळगावला हिशोबपट्ट्या, गोळे कॉलनीत औषधांच्या होलसेलवाल्यांची बिलं, बऱ्याच ठिकाणी हे सगळं अजून खडखड करत दोन-तीन कॉप्यांत निघतं, कारण खालच्या कॉपीवर अक्षर उमटवायला पिनचा ठोकाच लागतो, लेझर किंवा इंकजेटचं ते काम नाही. आणि यातले कितीतरी प्रिंटर आजही त्या जाड केबलने, म्हणजे पॅरलल पोर्टवरून चालतात.

हार्डवेअरच्या लाईनमध्ये नवीन आलेल्या मुलांना यूएसबी येतं, नेटवर्क येतं, पण हे पोर्ट समोर आलं की मग अंदाजपंचे काम सुरू होतं, केबल बदल, प्रिंटर बदल, शेवटी मदरबोर्ड बदला म्हणून सांगून मोकळे, आणि खर्च बिचाऱ्या दुकानदाराच्या माथी. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या पोर्टइतकं सरळ पोर्ट दुसरं नाही. यात लपलेलं काही नसतं, प्रत्येक कामाला वेगळी वायर आहे, कुठली वायर काय म्हणते ते कळलं की बिघाड छापलेल्या कागदावरच वाचता येतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय, जरा लांब होईल, पण शेवटपर्यंत वाचा.

पायरी १: पोर्ट ओळखा

कॉम्प्युटरच्या मागे २५ भोकांचं, दोन ओळींचं, रुंद पोर्ट दिसतं, बहुतेक वेळा गुलाबी किंवा जांभळट रंगाचं, ते पॅरलल पोर्ट, याला एलपीटी१ म्हणतात. भोकं बघा, पिना नाही. जुन्या मशीनवर तसंच दिसणारं पण पिना बाहेर असलेलं २५ पिनचं पोर्ट असेल तर ते सिरीयल, त्याच्यावर अधिक-उणे १२ व्होल्टच्या आसपास खेळ चालतो, तिथे प्रिंटरची पॅरलल केबल कन्व्हर्टर लावून घुसवायची नाही. पॅरलल पोर्टचं सगळं काम शून्य ते पाच व्होल्टमध्ये असतं, शून्याजवळ म्हणजे ०, आणि दोन-अडीच व्होल्टच्या वर म्हणजे १.

प्रिंटरच्या बाजूला मात्र वेगळा कनेक्टर असतो, ३६ काँटॅक्टचा, दोन्ही बाजूला तारेच्या क्लिपा. याला सेंट्रोनिक्स म्हणतात कारण सेंट्रोनिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने १९७० मध्ये मॉडेल १०१ प्रिंटर काढला त्याच्यासोबत ही पद्धत आली. ३६ च का, तर तेव्हा वँग कंपनीकडे कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले असे कनेक्टर भरपूर शिल्लक पडले होते म्हणून तेच वापरले, असं सांगतात. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला तेव्हा आपल्या बाजूला २५ भोकांचा कनेक्टर ठेवला, आणि तेव्हापासून एका टोकाला २५ आणि दुसऱ्या टोकाला ३६ अशी केबल सगळीकडे चालली.

पायरी २: वायरींचे गट पाडा

पंचवीस वायरी एकदम पाठ करायच्या नाहीत, चार गट करा.

पहिला गट डेटाचा. पिन २ ते ९, आठ वायरी, एका वेळी एक पूर्ण बाईट म्हणजे एक अक्षर शेजारी शेजारी जातं, म्हणूनच पॅरलल. पिन २ ची किंमत १, पिन ३ ची २, पिन ४ ची ४, मग ८, १६, ३२, ६४ आणि पिन ९ ची १२८. इंग्लिश कॅपिटल ए चा नंबर ६५ आहे, म्हणजे ६४ अधिक १, म्हणजे ए पाठवताना पिन ८ आणि पिन २ वर पाच व्होल्ट आणि बाकी सहा वायरी शून्यावर. बास, अक्षर म्हणजे एवढंच.

दुसरा गट कॉम्प्युटरकडून हुकूम देणाऱ्या वायरींचा: पिन १ स्ट्रोब, पिन १४ ऑटोफीड, पिन १६ इनिट, पिन १७ सिलेक्ट-इन. इनिट क्षणभर खाली ओढली की प्रिंटर रिसेट होतो, तुम्ही बघितलं असेल कॉम्प्युटर चालू होताना प्रिंटरचं हेड उगाच एकदा हलतं, ते यानेच. ऑटोफीड खाली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रिंटर स्वतःहून एक लाईन फीड जास्तीचा टाकतो. बिल अचानक एक ओळ सोडून एक छापायला लागलं तर ही पिन १४ नाहीतर प्रिंटरच्या सेटिंगमधलं ऑटो एलएफ, या दोनच ठिकाणी आधी बघायचं.

तिसरा गट प्रिंटरकडून परत येणारा: पिन १० अ‍ॅक, पिन ११ बिझी, पिन १२ पेपर आउट, पिन १३ सिलेक्ट म्हणजे ऑनलाईन आहे का, पिन १५ एरर. आणि चौथा गट पिन १८ ते २५, सगळे ग्राउंड.

एक गोष्ट लक्षात ठेवा, स्ट्रोब, अ‍ॅक, एरर, इनिट या वायरी उलट्या आहेत, म्हणजे एरवी वर पाच व्होल्टला असतात आणि काम करायचं तेव्हा खाली शून्यावर येतात. बिझी आणि पेपर आउट सरळ आहेत, वर गेल्या म्हणजे हो.

पायरी ३: एक अक्षर जातं कसं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई करू नका.

द्राक्षाचे क्रेट गाडीतून उतरवताना दोन माणसं कशी असतात, वरचा क्रेट पुढे धरतो, 'घे' म्हणतो, खालचा दुसरा क्रेट ठेवत असेल तर 'थांब' म्हणतो, ठेवून झालं की 'हं' म्हणतो मग पुढचा. वरच्याने 'थांब' ऐकलं नाही तर क्रेट खाली. तिथे 'घे' म्हणजे स्ट्रोब, 'थांब' म्हणजे बिझी आणि 'हं' म्हणजे अ‍ॅक.

आता वायरीवर बघू. कॉम्प्युटर आधी पिन ११ बघतो, बिझी खाली आहे का. खाली असेल तर डेटाच्या आठ वायरींवर अक्षर मांडतो आणि कमीत कमी अर्धा मायक्रोसेकंद थांबतो, म्हणजे केबलमध्ये व्होल्टेज नीट स्थिर होतं. मग स्ट्रोब खाली ओढतो, ती पण निदान अर्धा मायक्रोसेकंद खाली ठेवतो, परत वर सोडतो, आणि अक्षर अजून अर्धा मायक्रोसेकंद तसंच धरून ठेवतो. स्ट्रोब मिळाली की प्रिंटर बिझी वर करतो, अक्षर उचलून आपल्या बफरमध्ये, म्हणजे आतल्या तात्पुरत्या साठ्यात, टाकतो, मग अ‍ॅक एकदा खाली-वर करतो, साधारण पाच-दहा मायक्रोसेकंदाचा ठोका, आणि बिझी खाली आणतो. झालं, पुढचं अक्षर.

म्हणजे डेटाच्या वायरींवर काय आहे याला स्ट्रोब येईपर्यंत काही अर्थ नाही, त्या वायरी कितीही हलू द्या, प्रिंटर बघत पण नाही. आणि बिझी खाली येईपर्यंत कॉम्प्युटरने पुढचं पाठवायचं नाही. वेग ठरतो तो यातल्या हळू असणाऱ्यावर. साध्या मोडमध्ये हे पोर्ट सेकंदाला साधारण दीडशे किलोबाईटपर्यंत जातं आणि डॉट मॅट्रिक्सचं हेड सेकंदाला काहीशे अक्षरं मारतं, त्यामुळे बफर भरला की बिझी वर जाऊन राहतो, हेड एखादी ओळ मारतं, थोडी जागा होते, बिझी खाली, परत थोडी अक्षरं. कागद संपला, कव्हर उघडं राहिलं, कोणी पॉज दाबला, तरी पण बिझी वर. प्रिंटरला 'आत्ता नको' म्हणायचं असेल तर ही एकच वायर बहुतेक सगळी कामं करते.

पायरी ४: कॉम्प्युटरच्या आत काय दिसतं

प्रोग्रामिंग करणार नसाल तरी हे वाचून ठेवा, बिघाड शोधताना कामी येतं.

एलपीटी१ चा पत्ता हेक्समध्ये (१६ च्या पटीतली मोजणी, ९ नंतर ए ते एफ) ३७८, एलपीटी२ चा २७८. त्या पत्त्यावर लागोपाठ तीन रजिस्टर, म्हणजे एकेक बाईट लिहायच्या-वाचायच्या जागा, असतात. ३७८ वर बाईट लिहिला की तो जसाच्या तसा आठ डेटा वायरींवर उभा राहतो. ३७९ वाचलं की प्रिंटरकडच्या पाच वायरींची हालत कळते. आणि ३७ए वर लिहून स्ट्रोब वगैरे हलवता येतात.

३७९ मध्ये वरून खाली बिझी, अ‍ॅक, पेपर आउट, सिलेक्ट, एरर असा क्रम आहे, आणि यातला बिझीचा बिट (बाईटमधला एक ० किंवा १) पोर्टच्या आतच उलटा केलेला आहे, बिझी वर तर बिट ०. मोकळा, ऑनलाईन, कागद भरलेला प्रिंटर असेल तर वरचे पाच बिट ११०११ दिसतात. ३७ए मध्ये स्ट्रोबचा बिट पण उलटा आहे, म्हणून जुने प्रोग्राम तिथे हेक्समध्ये ०सी लिहितात, मग ०डी, मग परत ०सी, म्हणजे स्ट्रोब वर, खाली, वर. पायरी ३ मधला तो 'घे' कोडमध्ये एवढाच असतो.

इंटरप्टसाठी, म्हणजे प्रोसेसरला मध्येच हाक मारायला, एलपीटी१ ला ७ नंबर आणि एलपीटी२ ला ५ ठेवलेला असतो, अ‍ॅकच्या ठोक्यावर तो वाजवता येतो, पण विंडोज साधारण त्याच्या वाट्याला जात नाही, स्टेटस परत परत वाचूनच काम करतं.

पायरी ५: बायोसमधला मोड

बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, पॅरलल पोर्टला नॉर्मल किंवा एसपीपी, ईपीपी, ईसीपी असे पर्याय दिसतात. सुरुवातीचं पोर्ट एका दिशेनेच डेटा पाठवायचं, परत यायला फक्त त्या पाच वायरी. पुढे स्कॅनर, झिप ड्राइव्ह वगैरे या पोर्टला लागायला लागले म्हणून दोन्ही बाजूंनी जोरात डेटा नेणारे मोड आले आणि १९९४ मध्ये आयईईई १२८४ या स्टँडर्डमध्ये सगळे एकत्र बांधले. ईपीपीमध्ये 'घे-थांब' चं काम पोर्टची चिपच करते, प्रोसेसरला प्रत्येक वेळी स्ट्रोब हलवावी लागत नाही, त्यामुळे वेग सेकंदाला मेगाबाईटच्या घरात जातो. ईसीपीत भरीला डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता थेट मेमरीतून डेटा नेणं) आणि बफर पण आहे.

डॉट मॅट्रिक्सला यातलं काही लागत नाही. माझं मत विचाराल तर बिलिंगच्या मशीनवर सरळ नॉर्मल किंवा एसपीपी ठेवा, पत्ता ३७८, इंटरप्ट ७, आणि विसरून जा.

पायरी ६: केबल जोडणं

दोन्ही मशीन बंद करून जोडायचं. पॅरलल पोर्ट यूएसबीसारखं चालू असताना काढ-घाल करायला बनवलेलं नाही. जुन्या नाशकातल्या कित्येक दुकानांत अर्थिंग नावालाच असतं, कॉम्प्युटर एका बोर्डावर आणि प्रिंटर दुसऱ्या बोर्डावर, दोघांच्या बॉडीत व्होल्टेजचा फरक असतो आणि केबल लावताना तो फरक नेमका डेटाच्या पिनमधून गेला तर पोर्टची चिप गेली समजा. मी तर केबल लावायच्या आधी मीटर एसीवर ठेवून एक प्रोब कॉम्प्युटरच्या बॉडीला आणि एक प्रिंटरच्या कनेक्टरच्या धातूच्या कडेला लावून बघतो. एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर आधी अर्थिंग, आणि दोन्हींचा प्लग एकाच बोर्डावर, मग केबल.

केबल साधारण दोन मीटरच्या आत ठेवा. आठ वायरी शेजारी शेजारी एकदम वर-खाली होतात त्यामुळे एकीचा धक्का दुसरीला लागतो, आणि स्ट्रोबवर असा खोटा ठोका आला की प्रिंटर नसलेलं अक्षर उचलतो. आयईईई १२८४ लिहिलेल्या केबलमध्ये प्रत्येक सिग्नलसोबत त्याची ग्राउंडची वायर पिळलेली असते आणि वरून शिल्ड असतं, ती दहा मीटरपर्यंत चालते. स्वस्त केबलमध्ये ग्राउंडच्या एक-दोनच वायरी टाकून बाकी जोडून दिलेल्या असतात. सातपूर-अंबडला कारखान्यात प्रिंटर असेल, जवळ मोटरचे ड्राइव्ह असतील, तर चांगलीच केबल घ्या आणि ती पॉवरच्या वायरींच्या सोबत बांधू नका.

आणि क्लिपा! प्रिंटरकडच्या त्या तारेच्या दोन क्लिपा कोणी लावतच नाही. डॉट मॅट्रिक्स दिवसभर थरथरतो, कनेक्टर मिलीमिलीने बाहेर येतो आणि मग एक कोपरा सुटतो. कॉम्प्युटरकडचे दोन स्क्रू पण हाताने घट्ट करा. पावसाळ्यात काँटॅक्टवर हिरवट थर येतो तो काँटॅक्ट क्लीनरने काढा, पाण्याने किंवा ब्लेडने खरवडून नाही.

पायरी ७: टेस्ट करा आणि बिघाड वाचा

आधी केबल काढून प्रिंटरची सेल्फ टेस्ट. एप्सनच्या एलएक्स सिरीजमध्ये एलएफ/एफएफ बटण दाबून ठेवून पॉवर चालू केलं की तो आपोआप ओळी छापत सुटतो. हे नीट आलं म्हणजे हेड, रिबन, मोटर ठीक, प्रश्न पोर्टच्या बाजूचा. इथेच गडबड असेल तर पोर्टचा विषयच नाही.

मग केबल लावा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इको, पुढे इंग्लिश कॅपिटलमध्ये नाशिक, मग एक स्पेस, मग '>' ची खूण आणि एलपीटी१ असं टाइप करून एंटर मारा. ड्रायव्हर, टॅली, विंडोज सगळं बाजूला राहतं आणि साधी अक्षरं थेट पोर्टवर जातात. कागदावर नाशिक आलं तर पोर्ट, केबल, प्रिंटर तिन्ही चांगले, आता सॉफ्टवेअरकडे वळा.

चुकीचं आलं तर अजून चांगलं, कारण ते कागदच सांगतं कुठली वायर गेली. या सहा अक्षरांचे हेक्स नंबर असे: एन ४ई, ए ४१, एस ५३, एच ४८, आय ४९, के ४बी, मग स्पेस २०, आणि शेवटी ओळ संपवायला ०डी आणि ०ए, म्हणजे साध्या आकड्यांत १३ आणि १०. तुटलेली, उघडी डेटा वायर प्रिंटरला जास्त करून १ दिसते, कारण आत वायर पाच व्होल्टकडे ओढून ठेवणारा पुल-अप रेझिस्टर असतो.

समजा पिन २ ची वायर तुटली, म्हणजे १ किमतीचा बिट कायम १. मग एन चा ओ होतो, ए तसाच, एस तसाच, एच चा आय, आय तसाच, के तसाच, आणि स्पेसच्या जागी उद्गारचिन्ह. कागदावर येतं ओ-ए-एस-आय-आय-के आणि उद्गारचिन्ह. अजून एक मजेशीर परिणाम, पान बाहेर टाकायचा कोड १२ असतो त्याचा १३ होतो, १३ म्हणजे नुसतं हेड डावीकडे आणणं, त्यामुळे बिल संपलं तरी पान पुढे सरकत नाही. दुकानदार म्हणतो 'अक्षरं पण चुकतात आणि पेपर पण सुटत नाही', त्याला दोन बिघाड वाटतात, असतो एकच. उलट हीच वायर ग्राउंडला चिकटली असेल, तर बिट कायम ०, मग एन बरोबर येतो पण ए च्या जागी @ येतो, एस चा आर, एच बरोबर, आय चा एच आणि के चा जे.

पिन ७ तुटली तर वेगळंच. तिची किंमत ३२, आणि इंग्लिशच्या कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत नेमका ३२ चाच फरक. म्हणजे कॅपिटलमध्ये पाठवलेलं नाशिक स्मॉलमध्ये छापलं जातं. इतकंच झालं असतं तर कोणाच्या लक्षात पण आलं नसतं, पण ओळ संपवायचे १३ आणि १० पण ४५ आणि ४२ होतात, म्हणजे आडवी रेघ आणि फुली-तारा. ओळ संपल्याची खूणच पोचत नाही म्हणून प्रिंटर साधारण ओळ भरेपर्यंत गप्प बसतो आणि मग सगळं सलग मारतो, मध्ये मध्ये त्या रेघ-तारा. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा विसरत नाही.

अक्षरांवरून कळत नसेल तर हेक्स डंप मोड लावा, एलएक्स सिरीजमध्ये एलएफ/एफएफ आणि लोड/इजेक्ट दोन्ही दाबून पॉवर चालू करायची. मग प्रिंटर आलेला प्रत्येक बाईट नंबर म्हणूनच छापतो. तीच कमांड दोन-तीनदा पाठवा म्हणजे ओळ भरते, आणि वरच्या यादीशी नंबर ताडून बघा. बटणं मॉडेलप्रमाणे बदलतात, मॅन्युअल बघून घ्या.

आता काहीच छापत नसेल तर. इथे कॉम्प्युटर काय म्हणतो ते ऐका.

जॉब विंडोजच्या रांगेतून निघून जातो, कॉम्प्युटर खूश, आणि प्रिंटर ढिम्म, असं असेल तर पिन १ स्ट्रोबवर संशय घ्या. अक्षरं मांडली जातायत, पण 'घे' पोचतच नाही, प्रिंटर बिझी वर करतच नाही, म्हणून कॉम्प्युटरला वाटतं सगळं सुरळीत गेलं.

जॉब रांगेतच अडकून राहतो तर पिन ११. बिझीची वायर तुटली तर ती कॉम्प्युटरला कायम वर दिसते. याच्या उलट बिझी ग्राउंडला चिकटली असेल तर लहान बिल चांगलं येतं आणि मोठा रिपोर्ट मधूनच अक्षरं गाळायला लागतो, कारण बफर भरल्यावर 'थांब' ऐकूच जात नाही. 'छोटं येतं, मोठं येत नाही' असं कोणी म्हणालं की मी सगळ्यात आधी हीच पिन बघतो.

कागद भरलेला असून कागद संपला असं येतं, तेव्हा प्रिंटरचा सेन्सर खोलायच्या आधी केबल बघा. पिन १२ उघडी पडली की पेपर आउट वर गेल्यासारखं दिसतं. पूर्ण केबल निघाली तरी कित्येक मशीनवर हाच मेसेज येतो.

केबल तपासणं सोपं आहे, दोन्ही टोकं काढून मीटर कंटिन्युइटीवर ठेवा. पिन १ ते १४ दोन्ही बाजूला त्याच नंबरला जातात. मग १५ जाते ३२ ला, १६ जाते ३१ ला आणि १७ जाते ३६ ला. १८ ते २५ या ग्राउंडच्या, त्या पलीकडे १९ ते ३० मध्ये मिळतात. प्रत्येक पिनला बीप बघा, आणि शेजारच्या पिनला बीप येत नाही हे पण बघा. केबल वाकवून, हलवून परत बघा, कनेक्टरच्या मानेपाशी वायरी तुटतात आणि सरळ असताना जोडल्यासारख्या वागतात.

चालू असताना बिझी बघायची तर कनेक्टरचं कव्हर खोलून मीटर डीसी २० व्होल्टवर, काळा प्रोब ग्राउंडवर, लाल पिन ११ वर. प्रिंटर ऑनलाईन असताना जवळजवळ शून्य, पॉज दाबला की वर जायला पाहिजे, जुन्या प्रिंटरवर पाचच्या जवळपास. प्रोब शेजारच्या पिनला घसरणार नाही याची काळजी घ्या. स्ट्रोब मात्र मीटरवर दिसणार नाही, एवढा छोटा ठोका पकडायला लॉजिक प्रोब किंवा ऑसिलोस्कोप लागतो.

पायरी ८: मराठीत बिल का हळू येतं

हे बरेच जण विचारतात. प्रिंटरच्या आत इंग्लिश अक्षरांचे साचे असतात, ६५ पाठवला की तो आपणहून ए मारतो. देवनागरीचे साचे या साध्या प्रिंटरमध्ये नसतात, म्हणून विंडोज 'नाशिक' चं चित्र करतं आणि ठिपके पाठवतं. ९ पिनच्या हेडला एक बाईट म्हणजे आठ ठिपक्यांची एक उभी पट्टी. इंचाला ६० ठिपके असा जाडाभरडा हिशोब धरला तरी आठ इंचाच्या एका पट्ट्याला ४८० बाईट लागतात, आणि मात्रा-वेलांट्या धरून अक्षराची एक ओळ अशा दोन-तीन पट्ट्यांत होते. तीच ओळ इंग्लिशमध्ये ८० बाईटमध्ये जाते.

यात अजून एक भानगड आहे. चित्र पाठवताना आधी प्रिंटरला सांगावं लागतं की आता इतक्या पट्ट्या येतायत, मग तो तेवढे बाईट मोजून घेतो. मध्ये एखादी स्ट्रोब चुकली आणि एक बाईट हरवला तर इंग्लिशमध्ये फक्त एक अक्षर गळतं, पण चित्रात प्रिंटर पुढच्या कमांडचा पहिला बाईट ठिपके म्हणून गिळतो, आणि तिथून खाली पानभर कचरा. म्हणून 'इंग्लिश बरोबर, मराठीत कचरा' असं असेल तर लगेच फॉन्टला दोष देऊ नका, दोन मीटरची चांगली केबल लावून बघा आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये निवडलेला ड्रायव्हर त्याच मॉडेलचा आहे ना ते बघा.

पायरी ९: नवीन कॉम्प्युटरला पोर्टच नसेल तर

दोन रस्ते आहेत. एम. जी. रोडला कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलंत की साधारण दोन्ही दाखवतील, पण ते सारखे नाहीत.

यूएसबी ते पॅरलल कन्व्हर्टर केबल लावली की विंडोजला तो यूएसबी प्रिंटर म्हणून दिसतो. ३७८ पत्त्यावर खरं पोर्ट येत नाही, एलपीटी१ पण येत नाही. टॅली किंवा विंडोजच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला चालतं. जुना डॉसचा प्रोग्राम एलपीटी१ ला पाठवत असेल तर प्रिंटर शेअर करा आणि नेट यूज कमांडने एलपीटी१ त्या शेअरला जोडा, मग चालतो. पण पॅरलल पोर्टवर बसणारं सॉफ्टवेअरचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली), किंवा पॅरलल पोर्टवरून मोटर फिरवणारं सीएनसी राउटर, हे या केबलवर चालणार नाही, तिथे पैसे घालवू नका.

पीसीआय एक्स्प्रेस कार्ड हे खरं पोर्ट आहे, एलपीटी नावाने येतं. फक्त त्याचा पत्ता ३७८ नसतो, मशीन त्याला दुसराच कुठला तरी देतं, त्यामुळे विंडोजमार्फत छापणारं सगळं चालतं, पण थेट ३७८ वर लिहिणारा प्रोग्राम असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये पत्ता बदलायची सोय आहे का ते आधी बघा. पत्ता डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या रिसोर्सेस टॅबवर दिसतो.

मदरबोर्डवर नीट बघा, मागे पोर्ट नसलं तरी काही बोर्डांवर एलपीटी लिहिलेल्या दोन ओळींच्या पिना असतात. तसं असेल तर फक्त पट्टीची केबल आणि ब्रॅकेट लागतं, बायोसमध्ये पोर्ट एनेबल करायचं, आणि पत्ता पण ३७८ मिळतो. जुन्या प्रोग्रामसाठी याच्याइतकं स्वस्त आणि पक्कं काही नाही, फक्त केबल घेताना त्या बोर्डाच्या मॅन्युअलमधला पिनांचा क्रम सोबत न्या, कारण प्रत्येक कंपनीचा क्रम सारखा असेलच असं नाही.